सहा भोकांच्या हायड्रोपोनिक युनिटमध्ये टोमॅटो: खत वाढवू नका, रोपं कमी करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात टेबलावर ठेवायचं सहा भोकांचं हायड्रोपोनिक (मातीविना, खताच्या पाण्यात रोपं वाढवायचं) युनिट, टाकीत साधारण चार लिटर पाणी मावतं, वर एलईडी दिवा. सहाही भोकांत बुटक्या टोमॅटोचं बी पेरलं. दोन महिन्यांत रोपं हिरवीगार झाली, फुलंही भरपूर आली, पण बहुतेक गळून पडली. जी थोडी फळं धरली त्यांच्या बुडाशी काळपट, दबलेले डाग पडले. आता खताची मात्रा वाढवावी का?

नाही. खत वाढवलं तर डाग आणखी वाढतील. आधी सहा रोपांची दोन करा. हे वाचून वाईट वाटेल याची मला कल्पना आहे. बियांपासून वाढवलेलं, फुलावर आलेलं रोप काढायला हात धजावत नाही. पण तुमच्या दोन्ही तक्रारी, फुलगळ आणि काळं बूड, एकाच कारणातून आलेल्या आहेत: चार लिटर पाणी आणि एवढासा दिवा सहा टोमॅटोंना पुरत नाही. युनिटला सहा भोकं असतात ती तुळस, पुदिना, लेट्यूस डोळ्यांसमोर ठेवून पाडलेली असतात. टोमॅटोची रोपं किती लावायची हे भोकं मोजून ठरत नाही, टाकीतले लिटर मोजून ठरतं. एका बुटक्या रोपामागे निदान दोन लिटर, जमलं तर चार, हे माझं प्रमाण आहे आणि मी ते सोडत नाही.

त्यामागचा हिशेब बघा, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. पाण्यात विरघळलेले क्षार आपण ईसीने, म्हणजे पाण्याच्या विद्युतवाहकतेने मोजतो (इथले सगळे आकडे mS/cm मध्ये). समजा टाकीत चार लिटर पाणी आहे आणि ईसी २.० आहे. फळांवर आलेली सहा रोपं मिळून दिवसाला सहज दोन लिटर पाणी पितात. टोमॅटो पाणी जितक्या झपाट्याने ओढतो तितक्या झपाट्याने क्षार उचलत नाही. प्यायलेल्या पाण्याबरोबर त्यातले निम्मे क्षार उचलले असं धरलं, तर चोवीस तासांनी टाकीत उरतात दोन लिटर पाणी आणि ईसी ३.०. म्हणजे एका दिवसात द्रावण दीडपट खारट झालं. मग तुम्ही पाणी ओतता, ईसी झपकन खाली येते, दुसऱ्या दिवशी पुन्हा वर. मुळांना रोज हा झोका सोसावा लागतो. तेच दोन रोपं असतील तर दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास पाणी जाईल आणि ईसी २.० वरून २.२ होईल. एवढा फरक टोमॅटोच्या लक्षातही येत नाही.

आता काळ्या बुडाबद्दल. याला ब्लॉसम एंड रॉट म्हणतात आणि हा रोग नाही. बुरशीनाशक मारून काही होत नाही. फळ अगदी लहान असताना, वाटाण्याएवढं असल्यापासून पुढचे साधारण दोन आठवडे ते वेगाने फुगतं, आणि नेमकं त्याच काळात त्याच्या टोकाला कॅल्शियम कमी पडतं. पेशींच्या भिंती कच्च्या राहतात, टोकाचा भाग आतून कोसळतो. डाग डोळ्यांना दिसतो तो नंतर.

कॅल्शियम झाडात फक्त पाण्याच्या ओढीबरोबर वर चढतं. पानांतून पाणी उडतं म्हणून पानांकडे भरपूर जातं. फळाच्या सालीतून पाणी जवळजवळ उडतच नाही, म्हणून त्याच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. एकदा पानात जाऊन बसलेलं कॅल्शियम तिथून निघून फळात येत नाही. त्यामुळे पानांवर कॅल्शियमची फवारणी करून बूड सुधारत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. आणि टाकीत कॅल्शियम आहे की नाही एवढाच प्रश्न नसतो, मुळांना पाणी सहज ओढता येतंय का हाही असतो. ईसी ३.० च्या वर गेली की मुळांना पाणी ओढायला जोर लागतो, आणि पहिला फटका फळाच्या टोकाला बसतो. म्हणून खत वाढवणं हा उलटा उपाय आहे.

एक गोष्ट लगेच तपासा: रात्री तुमचा पंप चालतो का? काही युनिटमध्ये दिवा आणि पंप एकाच टायमरवर असतात आणि दिवा विझला की पंपही थांबतो. दिवा विझल्यावर पानांची ओढ कमी होते, मुळं मात्र पाणी वर ढकलत राहतात, आणि याच वेळात फळाला त्याचं कॅल्शियम बरं मिळतं. तेव्हा मुळांशी खेळतं, हवा मिसळलेलं पाणी हवंच. पंपाला वेगळा टायमर लावा किंवा तो चोवीस तास चालू ठेवा.

खताचंही बघूया, कारण मात्रा वाढवायची नसली तरी खत बदलावं लागू शकतं. बऱ्याच युनिटबरोबर एकाच बाटलीतलं पातळ खत येतं. दाट द्रावणात कॅल्शियमची सल्फेट आणि फॉस्फेटशी गाठ पडली की पांढरा साका तळाला बसतो, म्हणून एकाच बाटलीत सगळं भरायचं तर कॅल्शियम हात राखूनच घालावं लागतं. पालेभाज्यांना ते पुरतं. टोमॅटोला पुरेलच असं नाही. बाटलीवरचं लेबल वाचा. कॅल्शियमचा उल्लेखच नसेल, किंवा नत्र मुख्यतः अमोनियम अथवा युरियाच्या रूपात असेल, तर ते खत टोमॅटोसाठी बाजूला ठेवा. अमोनियम मुळाशी कॅल्शियमच्या आड येतं. नत्र नायट्रेटच्या रूपात असलेलं बरं.

कॅल्शियम वेगळ्या बाटलीत ठेवलेलं, दोन बाटल्यांचं ए आणि बी खत घेतलं तर हा प्रश्न सुटतो. पावडरी स्वतः मिसळायची तयारी असेल तर टोमॅटोसाठीचं ४-१८-३८ मिश्रण (आकडे नत्र, स्फुरद, पालाश यांच्या टक्क्यांचे), कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट हे त्रिकूट मला सगळ्यात भरवशाचं वाटतं. एक लिटर पाण्याला अनुक्रमे ०.६ ग्रॅम, ०.६ ग्रॅम आणि ०.३ ग्रॅम. आधी ४-१८-३८ पूर्ण विरघळू द्या, मग मॅग्नेशियम सल्फेट, आणि कॅल्शियम नायट्रेट सगळ्यात शेवटी, तेही एकूण पाणी भरून झाल्यावर. कोरड्या पावडरी एकत्र करून थोड्या पाण्यात कालवल्या तर साका बसणार आणि कॅल्शियम वाया जाणार. या प्रमाणात ईसी साधारण १.५ च्या आसपास येते, तुमच्या मूळ पाण्यात किती क्षार आहेत त्यावर थोडी कमीजास्त. फुलं येईपर्यंत एवढं पुरतं. फळं धरायला लागली की तिन्ही त्याच प्रमाणात वाढवून ईसी २.० ते २.५ पर्यंत न्या, त्यापुढे लहान टाकीत जाऊ नका. मोठ्या ग्रीनहाऊसमध्ये चव वाढवण्यासाठी ३.० च्या वर नेतात, पण तिथे द्रावण सतत तपासलं आणि दुरुस्त केलं जातं. चार लिटरच्या टाकीत तो खेळ करू नये. रोप अगदी लहान, दोन-चार पानांचं असताना मात्र १.० ची ईसी भरपूर झाली.

तुमच्याकडचं मीटर ईसीऐवजी पीपीएम (पाण्याच्या दहा लाख भागांत क्षारांचे किती भाग) दाखवत असेल तर ते कोणत्या पट्टीवर आहे ते बघा. ईसी २.० म्हणजे ५०० च्या पट्टीवर १०००, पण ७०० च्या पट्टीवर १४००. हे न बघता दुसऱ्याने सांगितलेला आकडा गाठायला गेलं की द्रावण नको तितकं दाट किंवा पातळ होतं.

पाण्याविषयी थोडंसं. आरओचं पाणी वापरत असाल तर त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जवळपास नसतंच, ते सगळं खतातूनच द्यावं लागतं. मीठ वापरून मऊ केलेलं पाणी अजिबात नको, त्यात सोडियम असतं आणि लहान टाकीत ते साचत जातं.

पीएच ५.८ ते ६.३ च्या दरम्यान ठेवा. टोमॅटो नायट्रेट उचलत जातो तसा पीएच आपोआप वर सरकतो, आणि ही रोप जोमात असल्याची खूण आहे. पण तो ७ च्या वर गेला की लोह मुळांना मिळेनासं होतं. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या दिसल्या तर लोहाचं खत शोधायच्या आधी पीएच मोजा. खाली आणायला फॉस्फोरिक आम्लाचं तयार द्रावण मिळतं, तेही थेंबाथेंबाने घाला, ढवळा, थोडा वेळ थांबा, पुन्हा मोजा. चार लिटरला फार थोडे थेंब लागतात. व्हिनेगर आणि सायट्रिक आम्ल टाळा. पाण्यातले सूक्ष्मजीव ते खाऊन टाकतात आणि दोन दिवसांत पीएच परत तिथेच येतो.

पाणी कमी झालं की काय ओतायचं, हे मीटरला विचारा. ईसी चढलेली असेल तर साधं पाणी. उतरली असेल तर खताचं पाणी. तेवढीच असेल तर निम्म्या ताकदीचं. आणि दर दोन आठवड्यांनी, फळांचा भर असताना दहा दिवसांनी, सगळं पाणी काढून नवं द्रावण भरा. ईसी बरोबर दिसते म्हणून हे टाळू नका. रोपाने हवं ते उचललेलं असतं आणि नको ते मागे राहिलेलं असतं, मीटर मात्र दोन्ही एकत्रच मोजतं.

मुळांकडे वळू. झाकण हळूच वर करून बघा. दोन महिन्यांच्या सहा रोपांची मुळं एव्हाना एकमेकांत इतकी गुंतली असतील की टाकीच्या तळाशी त्यांची गादी झाली असेल. अशा गादीच्या मधोमध प्राणवायू पोचत नाही. २० अंश सेल्सियसच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. उलट ऊब वाढली की मुळांची प्राणवायूची गरज वाढते. म्हणून पाणी १८ ते २४ अंशांत राहील असं बघा आणि एअर स्टोन (हवेच्या पंपाला जोडून पाण्यात बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) नसेल तर लहानसा बसवाच. टाकी गळ्यापर्यंत भरण्याची सवय असेल तर तीही सोडा. वरची थोडी मुळं हवेत राहिली पाहिजेत, ती तिथूनच प्राणवायू घेतात.

मुळं तपकिरी दिसली म्हणून लगेच घाबरू नका, खताच्या रंगानेही ती डागळतात. दोन बोटांत एक मूळ धरून हलकेच ओढा. नुसतं डागळलेलं मूळ चिवट राहतं. कुजलेल्या मुळाची वरची साल बुळबुळीत होऊन निसटते, बोटांत येते आणि आतला दोऱ्यासारखा तंतू तेवढा मागे राहतो. वासही कुबट येतो. असं असेल तर कुजका भाग कापून काढा, टाकी धुवा, पाणी बदला आणि पाण्याचं तापमान खाली आणा. पंपाच्या तोंडाशी गेलेली मुळं मात्र निरोगी असली तरी कापावीच लागतात. एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त मुळं काढू नका आणि काढल्यावर दोन दिवस दिव्याचे तास थोडे कमी ठेवा.

रोपं कमी कशी करायची? उपटू नका, एका रोपाबरोबर शेजारच्याचीही मुळं तुटतील. काढायचं रोप बुंध्याशी कापा, मग भोकात बसवलेली त्याची जाळीची टोपली थोडी वर उचलून खालची मुळं कात्रीने कापत सोडवा. कापलेली मुळं टाकीत सोडून देऊ नका, ती तिथेच सडतात. फुलावर आलेलं रोप टाकवत नसेल तर त्याची बरीचशी मुळं सोडवून ते आठ-दहा लिटरच्या झाकणाच्या, प्रकाश आत न जाणाऱ्या बादलीत एअर स्टोनसह हलवता येतं. दोन-तीन दिवस माना टाकेल, पण बहुधा सावरेल. त्याला वेगळा दिवा मात्र द्यावा लागेल. ठेवायची दोन रोपं तिरप्या कोपऱ्यांतली निवडा, म्हणजे दोघांना सगळीकडून उजेड मिळेल. रिकाम्या भोकांना झाकणं लावा. उजेड पाण्यावर पडला की शेवाळ धरतं.

आणि त्या रिकाम्या भोकांत लेट्यूस लावायचा मोह आवरा. लेट्यूसला ईसी १.० च्या आसपास हवी, फळांवरच्या टोमॅटोला त्याच्या दुप्पट. एका टाकीत दोघांना सुखी ठेवता येत नाही.

आता फुलगळ. टोमॅटोचं फूल स्वतःच स्वतःला फळवतं, एकाच फुलात दोन्ही बाजू असतात. पण घरात ना वारा ना भुंगे. पिवळे पुंकेसर एकमेकांना चिकटून त्यांची एक निमुळती नळी झालेली असते, पराग त्या नळीच्या आत असतो आणि फूल थरथरलं तरच खाली झडतो. मधमाशीला हे जमत नाही. बंबलबी नावाचे केसाळ भुंगे फुलाला लटकून छातीचे स्नायू थरथरवतात आणि पराग झाडून घेतात. १९८७ मध्ये बेल्जियममध्ये ते टोमॅटोच्या ग्रीनहाऊससाठी व्यापारी तत्त्वावर पाळायला लागले, त्याआधी माणसं हातात कंप देणारी कांडी घेऊन ओळीओळीने फिरत. घरी तेच काम बॅटरीवरच्या टूथब्रशने होतं.

ब्रशची मागची बाजू फुलाला लावू नका, फुलाच्या लगेच मागे देठाला लावा, एक-दोन सेकंद पुरे. दिवा लागल्यावर तीन-चार तासांनी हे करा, तेव्हा पराग कोरडा आणि सुटा असतो. फुलाखाली काळा कागद धरला तर झडलेला पराग फिकट पिवळ्या धुळीसारखा स्पष्ट दिसतो. धूळ दिसली नाही तर एक तर फूल अजून पुरतं उमललेलं नाही, किंवा हवा फार दमट आहे. खोलीतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेली की पराग गोळा होऊन नळीतच चिकटून बसतो. ५० ते ७० टक्के उत्तम. एक फूल दोन-तीन दिवस कामाचं असतं, म्हणून रोज किंवा एक दिवसाआड सगळ्या उमललेल्या फुलांवरून ब्रश फिरवा. शेजारी लहान पंखा मंद लावला तर तोही मदत करतो, पण नुसत्या पंख्यावर विसंबू नका.

फळ धरलं की नाही, हे चार दिवसांत ओळखता येतं. प्रत्येक फुलाच्या देठावर मध्येच एक फुगीर सांधा असतो, बोटाच्या पेरासारखा. धरलेल्या फुलाच्या पाकळ्या मागे वळून सुकतात, पण सांधा हिरवा राहतो आणि त्यापुढचा देठ जाड होत जातो. न धरलेल्या फुलाचा सांधा आधी पिवळा पडतो, आणि मग नुसत्या स्पर्शाने फूल तिथूनच निखळतं. सांधे पिवळे पडताना दिसले की त्या आठवड्यात काय बिघडलं ते शोधा.

बिघाड उष्णतेचाही असू शकतो. दिवसा २१ ते २७ आणि रात्री १६ ते २० अंश ही टोमॅटोची आवडती पट्टी. दिवसा ३२ च्या वर किंवा रात्री सतत २४ च्या वर राहिलं की पराग निकामी होतो, मग ब्रश कितीही फिरवा. खोलीचं तापमान बघून समाधान मानू नका, दिव्याखाली फुलांच्या उंचीवर थर्मामीटर ठेवून बघा. तिथे बहुधा खोलीपेक्षा काही अंश जास्तच निघतं. उन्हाळ्यात दिवा रात्री लावून दिवसा विश्रांती दिली तरी रोपाला चालतं. त्याला अंधार सलग मिळाला म्हणजे झालं.

उजेडाबद्दल जास्त सांगतो, कारण तुमच्या फुलगळीत त्याचा वाटा मोठा असणार. रोपाला दिवसभरात मिळालेला एकूण प्रकाश मोलमध्ये मोजतात. लेट्यूसला दिवसाला चौरस मीटरमागे १२ ते १५ मोल पुरतात. टोमॅटोला फळं धरायला निदान १५ ते २० हवेत, आणि २५ मिळाले तर तो खुलतो. पानांच्या पातळीवर चौरस मीटरमागे सेकंदाला ३०० मायक्रोमोल (मोलचा दहा लाखावा भाग) प्रकाश सोळा तास दिला तर साधारण १७ मोल होतात. म्हणजे लहान युनिटचा दिवा पूर्ण ताकदीने चालवून, रोपं अगदी जवळ ठेवून आपण काठावर पोचतो. त्यात सहा रोपं एकमेकांवर सावली धरत असतील तर आतल्या पानांना यातलं फार थोडं मिळतं. रोप मग काटकसर करतं आणि पहिली कात्री फुलांना लावतं.

म्हणून दिवा शेंड्यापासून दहा ते पंधरा सेंटिमीटरवर ठेवा आणि रोप वाढेल तसा वर सरकवा. वरची पानं पांढरट पडायला लागली तर दिवा जास्त जवळ आहे. तास चौदा ते सोळा. उजेड कमी पडतो म्हणून दिवा चोवीस तास चालू ठेवण्याची चूक करू नका. टोमॅटो त्या बाबतीत हळवा आहे, सलग उजेडात त्याची पानं पिवळी पडून वाळतात. रोज निदान सहा तास अंधार द्या. युनिटचा दिवा तोकडा वाटला तर बाजूने एक पांढरा एलईडी लावा. वरून आणखी प्रकाश ओतण्यापेक्षा बाजूने दिलेला खालच्या पानांना जास्त उपयोगी पडतो.

एलईडीखाली टोमॅटोच्या पानांवर कधी कधी बारीक पांढरट पुळ्या उठतात, वाळू चिकटल्यासारख्या. तो कीड-रोगाचा प्रकार नाही. घरातल्या दिव्यांत सूर्यप्रकाशातला अतिनील भाग नसतो आणि हवा दमट असते, त्यातून पेशी फुगून असं होतं. हवा खेळती ठेवा, पानं तोडत बसू नका.

छाटणीचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण पुढे येईलच. उंच टोमॅटोचे बगलफुटवे काढायचा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो. बुटक्या जातींना तो लावू नका. या जातींची वाढ ठराविक उंचीवर थांबते आणि फुलांचे घोस त्या फुटव्यांवरच येतात. फुटवा काढला म्हणजे पीक काढलं. शेंडा खुडायचीही गरज नाही. खालची पिवळी पानं आणि मधल्या गर्दीतली तीन-चार पानं काढून हवेला वाट करून द्या, एवढंच. कात्री लावण्याआधी हात साबणाने धुवा, विशेषतः घरात कोणी तंबाखू हाताळत असेल तर. टोमॅटोला लागणारा मोझॅक विषाणू हातांवरूनही पसरतो.

बियांचं पाकीट मात्र एकदा नीट बघून घ्या. 'ड्वार्फ' लिहिलेल्या कित्येक जाती तीन-चार फूट होतात. त्या अंगणातल्या मोठ्या कुंडीसाठी बुटक्या, टेबलासाठी नाहीत. आपल्याला हवी ती 'मायक्रो ड्वार्फ', पंधरा ते तीस सेंटिमीटरची. रोप लहान असतानाच ती ओळखता येते: पानं गडद, सुरकुतलेली, आणि खोड उंचीच्या मानाने जाड. मायक्रो-टॉम ही फ्लोरिडा विद्यापीठाने १९८९ मध्ये आणलेली जात सगळ्यात लहान जातींपैकी एक. मुळात ती शोभेसाठी काढली, आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत टोमॅटोच्या अभ्यासासाठी तीच वापरतात. दिसायला गोड, खायला ठीक. खाण्यासाठी लावत असाल तर रेड रॉबिन किंवा ऑरेंज हॅट घ्या. २०२२ च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर टोमॅटोचा प्रयोग करायला नासाने रेड रॉबिनच निवडला, कारण त्यांची अडचणही आपल्यासारखीच होती: जागा चिमूटभर आणि उजेड दिव्याचा.

किडींत मावा, पांढरी माशी आणि लाल कोळी घरातही येतात, बहुधा बाहेरून आणलेल्या दुसऱ्या कुंडीबरोबर. पानांची खालची बाजू आठवड्यातून एकदा बघा. सुरुवातीलाच ओल्या फडक्याने पुसून काढली तर औषधाची वेळ येत नाही.

या जातींचा जीव लहान असतो. बी पेरल्यापासून सहा-सात आठवड्यांत फुलं, अडीच-तीन महिन्यांत पिकलेली फळं, मग काही आठवडे बहर आणि त्यानंतर उतार. उतरत्या रोपाला खत देऊन तरुण करता येत नाही. सतत फळं हवी असतील तर आत्ता ठेवलेल्या दोन रोपांवर फळं रंगायला लागली की नवं बी वेगळ्या वाटीत रुजत घाला. २४ ते २७ अंशांत ते पाच ते दहा दिवसांत उगवतं. जुनं रोप काढल्याच दिवशी टाकी, पंप आणि झाकण घासून धुवून नवं रोप आत ठेवता येतं.

आता तुमच्या युनिटचं. आज चार रोपं काढा, पूर्ण पाणी बदला, ईसी २.० आणि पीएच ६.० वर आणा, पंप रात्री चालू राहील असं बघा. डाग पडलेली फळं काढून टाका, ती बरी होणार नाहीत आणि उगाच अन्न ओढतील. डाग नसलेला भाग खायला हरकत नाही. उद्यापासून ब्रश. पहिला आठवडा पानं जास्त वाढताना दिसतील, सावली गेल्याचा तो परिणाम आहे, त्याने खचू नका. साधारण तीन आठवड्यांनी, आज उमललेल्या फुलांपासून धरलेल्या फळांचं बूड बघा. ते गुळगुळीत असेल तर आहे तसंच चालू द्या. तरीही डाग दिसले तर ईसी १.८ वर उतरवा आणि खताच्या बाटलीत कॅल्शियम किती आहे ते लेबलावर बघून मला कळवा, मग पुढचं ठरवू.